समुद्रावर निघालेली यावल–भुसावळ

हवालदार हेमांगीला खोटं बोलता येत नसे. त्यात तत्त्वबित्त्व काही नव्हतं. तिला ते जमायचंच नाही. खोटा शब्द ओठावर यायच्या आधी तिचे कान लाल व्हायचे, मग मान, मग नाकाचा शेंडा. धुळ्याहून बदली होऊन ती यावलच्या ठाण्यात आली, त्याच आठवड्यात ही गोष्ट सगळ्यांना कळली. तेव्हापासून एखाद्या चोराला 'तुझ्या जोडीदारानं सगळं ओकलंय' अशी थाप मारायची वेळ आली, की फौजदार योगेंद्र साहेब तिला आधी चहा सांगायला बाहेर पाठवत.

त्या दिवशीही ती चहाच घेऊन परत येत होती. थंडीची सकाळ होती, हातातल्या कागदी कपातून वाफ निघत होती, आणि ठाण्याच्या दारात साहेब फोन कानाला लावून कपाळावर आठ्या घालून उभे होते.

"एसटी पळवली? कोणी पळवली? ... कंडक्टरनं? मग ड्रायव्हर काय करतोय?" त्यांनी फोन खाली घेतला आणि हेमांगीकडे पाहिलं. "ड्रायव्हर म्हणे रस्त्याच्या कडेला बसून तंबाखू मळतोय. चला मॅडम, गाडीत बसा. कंडक्टर बाई आहे, तुम्ही लागाल."

चहा तसाच टेबलावर राहिला.

भुसावळच्या रस्त्याला लागल्यावर चोपडा फाट्याच्या बऱ्याच अलीकडेच जीप अडकली. केळीनं भरलेले ट्रक एकामागे एक उभे होते. ड्रायव्हर मंडळी खाली उतरून एकमेकांना रस्ता उघडायच्या युक्त्या सांगत होती, आणि प्रत्येकाची युक्ती दुसऱ्यानं गाडी मागं घ्यावी अशीच होती. साहेब, हेमांगी आणि शिपाई सुकलाल चालत पुढं निघाले. फाट्यावर पोचले तर लाल एसटी रस्त्यात आडवी, तोंड चोपड्याच्या दिशेला अर्धवट वळलेलं आणि मागचं चाक साइडपट्टीवर. दोन्ही बाजूंनी माणसं जमलेली. ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल, आणि सगळे मोबाइल बसकडे रोखलेले.

ड्रायव्हर बन्सीलाल खरंच कडेला बसला होता. साहेबांना पाहून उठला, हात झटकले.

"साहेब, लताबाई फार चांगली बाई आहे," त्यानं सुरुवातच अशी केली. "किती वर्षं आम्ही एका गाडीवर आहोत. कधी उलट शब्द नाही. पण या आठवड्यात तिला काय झालंय कळत नाही. सारखी बोलते, सारखी हसते. डबा उघडत नाही. म्हणते, झोपेची गरज लोकांना, मला नाही. आज स्टँडवरनं निघालो तर एकालाही तिकीट दिलं नाही. म्हणाली, आज सगळे माझे पाहुणे, आज गाडी समुद्रावर जाणार."

"कुठल्या समुद्रावर?"

"सुरतेच्या पुढं आहे ना, तो." बन्सीलालनं पश्चिमेकडे हात केला, जणू केळीच्या बागेपलीकडेच लाटा होत्या. "फाट्यावर मला म्हणाली, वळव. असं म्हणाली की मी वळवायलाच लागलो, साहेब. अर्धी वळली तेव्हा डोक्यात आलं, नोकरी जाईल. चावी काढली आणि खाली उडी मारली. उतारू मागच्या संकटकाळच्या दारानं उतरले. ती काही उतरत नाही."

सुकलाल अंगानं दणकट आणि स्वभावानं घाईचा. साहेबांनी नुसतं बसकडे पाहिलं, तेवढ्यावर तो दाराशी पोचलाही. दार ढकलून त्यानं आत हात घातला, 'चल गं बाई, उतर खाली' म्हणाला, आणि पुढच्याच क्षणी कपाळ धरून मागं आला. लताबाईनं तिकिटाचं मशीन हाणलं होतं. दार पुन्हा धाडकन लागलं. गर्दीत हशा पिकला, कोणीतरी शिट्टी वाजवली. साहेबांचा चेहरा मात्र उतरला.

"झालं," ते म्हणाले. "आता पोलिसावर हल्ला. दोर काढा जीपमधला. चौघं मिळून उचलू."

"साहेब, आजारी माणूस दिसतंय," हेमांगी म्हणाली. "कायद्यानं दवाखान्यात न्यायला हवं, बांधून नाही."

"कायदा मलाही पाठ आहे, मॅडम. पण त्यात ट्रकांचं काही लिहिलेलं नाही." साहेबांनी रांगेकडे पाहिलं, मग बसकडे, मग पुन्हा रांगेकडे. तरुण माणूस होता, मनानं वाईट नव्हता, पण खिशातला फोन सारखा वाजत होता आणि प्रत्येक फोन वरच्या कोणाचा तरी होता. "बरं. जा. बोलून बघा. पण लवकर."

"एक करा, साहेब. हे मोबाइल बंद करायला लावा. आणि गर्दी जरा लांब न्या."

हे काम साहेबांच्या हातचं होतं. पुढच्या काही क्षणांत त्यांचा आवाज फाट्यावर असा फिरला, की मोबाइल खिशांत गेले आणि माणसं कडेच्या रसवंतीच्या पलीकडे हटली.

हेमांगी बसच्या दाराशी गेली खरी, पण काय बोलायचं याचा तिला काही पत्ता नव्हता. तिनं काठी जीपमध्ये ठेवली होती आणि आता हातांचं काय करावं ते कळेना. शेवटी तिनं घरोघरी चौकशीला गेल्यावर वाजवतात तसं दार वाजवलं.

"ताई, वर येऊ का?"

आतून आवाज आला, "कोण? उतारू की पोलीस?"

"पोलीस. पण एकटीच आहे."

दार उघडलं. लताबाई चाळिशीची, उंच, खाकी युनिफॉर्म कडक इस्त्रीचा, आणि वेणीत एक नाही, तीन गजरे. डोळे लालबुंद आणि चमकणारे. बस रिकामी होती. फक्त पुढून तिसऱ्या बाकावर, खिडकीशी, नऊवारीतली एक म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन निवांत बसली होती.

हेमांगीची पहिली चूक वर चढताचढताच झाली. पायरी उंच होती आणि तिनं सवयीनं लताबाईचा दंड धरला. लताबाई चटका बसल्यासारखी मागं उडाली, पाठ दांड्यावर आपटली, मशीन पुन्हा वर उचललं गेलं.

"हात नाही लावायचा! कोणीच हात नाही लावायचा मला!"

"चुकलं," हेमांगी म्हणाली आणि दोन्ही हात मागं बांधले. "दांड्याला धरायचं होतं, तुम्हाला धरलं. पुन्हा नाही."

ती लांबच्या बाकावर जाऊन बसली. बसून बरं वाटलं. सकाळपासून नवे बूट चावत होते. लताबाई मधल्या वाटेत येरझारा घालत होती आणि बोलत होती. बोलणं कसलं, धबधबाच. समुद्र किती मोठा असतो, त्याला पलीकडचा काठ नसतो, आपल्या तापीला दोन्ही काठ दिसतात म्हणून माणसं अशी कोती, तिनं सगळ्या खानदेशासाठी गाड्या सोडायचं ठरवलंय, मंत्र्यांशी बोलणं झालंय, रोज एक गाव, असोद्यापासून सुरुवात, म्हातारी माणसं पहिली. मध्येच हसायची. मध्येच एकदम थांबून बाहेरच्या खाकी टोप्या मोजायची आणि ओठ चावायची.

हेमांगीनं म्हातारीकडे वळून आपल्या धुळ्याकडच्या बोलीत विचारलं, "माय, तुमी कोठे जाई राहिन्यात?"

"भुसावळले, जवाईना घर." म्हातारीचं नाव भिकुबाई; शिरपूरकडची. घरचं माणूस भेटल्यासारखी ती खुलली.

"मंग उतरा ना. मांगे दुसरी गाडी शे."

"मी उतरस नही," भिकुबाईनं पिशवी आणखी घट्ट धरली. "माले समुद्र देखना शे. बठ्ठा लोक उतरी ग्यात, बरं व्हयनं. आते हवा तरी येस."

लताबाई टाळी वाजवून हसली. "बघा! एक तरी माणूस आहे जिवंत!" मग एकदम हेमांगीपुढं येऊन उभी राहिली. "तुम्ही पाहिलाय समुद्र?"

हेमांगी विचारात पडली. "तसा नाही पाहिला. विसर्जनाच्या बंदोबस्ताला मुंबईला नेलं होतं दोनदा. किनाऱ्यावरच उभी होते, दिवसभर. पण आम्हाला तोंड गर्दीकडे ठेवायचं असतं. समुद्र सगळा पाठीमागं होता. आवाज ऐकला."

लताबाई तिच्याकडे पाहतच राहिली. "आणि मागं वळलाच नाहीत?"

"साहेब समोर होते ना."

यावर लताबाईला इतकं हसू आलं की ती बाकाच्या कडेवर टेकली. सकाळपासून पहिल्यांदाच टेकली असावी.

नेमका तेव्हाच घोळ झाला. बाहेर साहेबांचा धीर सुटत आला होता आणि त्यांनी बन्सीलालला काहीतरी पढवून पाठवलं होतं. तो खिडकीखाली येऊन, शाळेत कविता म्हणावी तसा मोठ्यानं म्हणाला, "लताबाई! खूशखबर! साहेबांनी परवानगी दिली! सुरतेला जायचं! तुम्ही फक्त खाली या, पोलिसांच्या गाडीत बसा, ती गाडी पुढं, आपली मागं!"

लताबाई ताडकन उभी राहिली. तिनं बन्सीलालकडे पाहिलं नाही, हेमांगीकडे पाहिलं.

"खरं का हो?"

आता नुसतं 'हो' म्हणायचं होतं. बाहेर साहेब मान हलवून खुणावत होते, हो म्हणा, हो म्हणा. ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. हेमांगीनं तोंड उघडलं, आणि तिला कळलं, कान तापले. मग मान. तिनं नाक चोळलं, पण नाक चोळून काय होतंय.

"नाही," ती म्हणाली. "खोटं आहे. पोलिसांच्या गाडीत बसलात तर ती दवाखान्यात जाईल. जळगावला. ही बस आज समुद्रावर जाणार नाही, ताई."

खिडकीखाली बन्सीलालनं डोळे मिटले. साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. हेमांगीला वाटलं, आता मशीन आपल्या कपाळावर.

पण लताबाई तिच्या कानांकडे बघत होती. वाकून, अगदी जवळून, डॉक्टर बघतो तसं.

"केवढे लाल झालेत," ती हळूच म्हणाली. "दुखतात का?"

"नाही. लहानपणापासून आहे हे. आईनं मारायला हात उचलायच्या आधी मीच सांगून टाकायचे सगळं."

लताबाई पुन्हा बसली. या वेळी समोरच्याच बाकावर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. मग तिचा आवाज आला तो निराळाच, आतला, गावाकडचा.

"मले झोपच येत नाही, ताई. डोळे मिटले की डोक्यात गाड्या चालू होतात. एक सुटली की दुसरी. बेल द्यायला मीच. आधी मजा वाटत होती. आता थांबतच नाही. मी बसले की काहीतरी होईल असं वाटतं."

"कधीपासून?"

"घरी विचारा. रुपचंदला माहीत आहे."

रुपचंद म्हणजे तिचा नवरा, भुसावळला रेल्वेत कामाला. बन्सीलालकडे नंबर होता. हेमांगीनं फोन लावला तर पलीकडून आधी नुसता सुस्कारा आला. मग तो म्हणाला, "मॅडम, मागं एकदा असंच झालं होतं. औषधावर अगदी छान होती. पण गोळीनं सकाळी जाग येत नाही, पहाटेची ड्युटी चुकते, म्हणून हिनं परस्पर बंद केली. मला काल कळलं. आज डॉक्टरकडे न्यायचंच होतं, तर मी उठायच्या आधी युनिफॉर्म घालून निघून गेली. मारू नका हो तिला."

"कोणी मारत नाही," हेमांगी म्हणाली, आणि तिचे कान जसेच्या तसे राहिले. "तुम्ही जळगावला सिव्हिलमध्ये या. आम्ही घेऊन येतो."

लताबाईनं हे सगळं ऐकलं होतं. तिनं मशीन मांडीवर ठेवलं, गजरे सारखे केले, आणि कंडक्टरच्या आवाजात अटी सांगायला सुरुवात केली. पोलिसांच्या गाडीत बसणार नाही. दोर दिसता कामा नये. युनिफॉर्म उतरवणार नाही. गाडी हीच, आणि चालवणार बन्सीलाल, पण बोलायचं नाही त्यानं, खोटारडा. आणि भिकुबाईला तिच्या जावयाच्या दारात सोडायचं.

"शेवटचं तर मी आधीच करणार होते," हेमांगी म्हणाली. "बाकीचं साहेबांना विचारते."

साहेबांनी ऐकून घेतलं. एकदा ट्रकांकडे पाहिलं. "रिकामी एसटी, एका पेशंटसाठी? डेपो मॅनेजर मला फाडून खाईल."

"साहेब, बस इथून हलली की रस्ता उघडतो."

हा मुद्दा बिनतोड होता. साहेबांनी डेपोला फोन लावला, थोडं मराठीत आणि बरंचसं पोलिसी भाषेत बोलले, आणि फोन ठेवून म्हणाले, "न्या. सुकलाल जीप घेऊन मागं राहील. लांब. दिसणार नाही इतका."

लताबाईनं डबल बेल दिली. बन्सीलालनं, एक अक्षर न बोलता, गाडी सरळ केली आणि भुसावळच्या रस्त्याला लावली. मागं ट्रकांच्या इंजिनांचा एकच गजर झाला.

वाट काही गुळगुळीत नव्हती. तापीच्या पुलावर लताबाई उठून दाराकडे धावली; हेमांगी तिला न धरता नुसती वाटेत उभी राहिली, आणि भिकुबाईनं पिशवीतून दशमीचा तुकडा काढून 'खाय पोरी, उपाशी शे तू' म्हणून असा काही रागावून पुढं केला, की लताबाई तो घेऊन मुकाट बसली. भुसावळमध्ये गल्लीच्या तोंडाशी एवढी मोठी एसटी आपल्यासाठी थांबली, हे जावयाला दिसावं म्हणून भिकुबाई दारात मुद्दाम रेंगाळली. जावई बाहेर आलाच नाही. ती बरीच नाराज होऊन उतरली.

पुढं जळगावपर्यंत लताबाई कधी रडली, कधी मोठ्यानं गाव-थांबे पुकारत राहिली. हेमांगी ऐकत होती. दवाखान्याच्या फाटकात रुपचंद उभा होता. चेहरा उतरलेला, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. लताबाईनं ती आधी सारखी केली, मग आत गेली. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "किती थकलात?" आणि त्या एका प्रश्नावर लताबाई जी खुर्चीत कोसळली, ती संध्याकाळपर्यंत गाढ झोपी गेली. हेमांगी आणि बन्सीलालनं बाहेर हातगाडीवर शेवभाजी खाल्ली. बन्सीलाल एवढंच म्हणाला, "मला वाटलं होतं, खोटं बोललं की लवकर होईल."

सुकलालच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. साहेबांनी विचारलं, तक्रार द्यायची का? सुकलाल म्हणाला, "बसच्या दारालाच लागलं असेल, साहेब." विषय तिथंच मिटला.

लताबाई बरी व्हायला वेळ लागला. डेपोत चौकशी झाली, बन्सीलालनं साक्ष दिली. काही दिवस तिला स्टँडवर गाड्या पुकारायला बसवलं, डॉक्टरांनी औषधाची वेळ बदलून दिली, पहाटेची ड्युटी सुटली, आणि मग ती पुन्हा गाडीवर आली. तिला लाज वाटायची. स्टँडवर कोणी हसलं की आपल्यालाच हसलं असं वाटायचं, आणि कधीकधी ते खरंही असायचं. हेमांगीला भेटली की ती फार बोलत नसे. एकदा मात्र थांबून म्हणाली, "तुम्ही चांगलं केलंत, पण सुरुवातीला दंड धरलात ना, ते नको होतं."

"खरंय," हेमांगी म्हणाली.

हे तिनं साहेबांना सांगितलं. साहेब बराच वेळ पेन्सिल टेबलावर आपटत राहिले. मग म्हणाले, "तिला बोलवा. सगळ्या स्टाफला सांगू दे, अशा वेळी कसं वागायचं ते. तुम्ही सांगितलंत तर कोणी ऐकणार नाही, मी सांगितलं तर नुसतं 'हो साहेब' म्हणतील."

लताबाई आधी नाही म्हणाली. मग आली. उन्हाळा लागला होता, ठाण्याच्या आवारात निंबाखाली सगळे उभे. तिनं भाषण केलं नाही. एक खुर्ची मागवली.

"कोणीतरी बसा," ती म्हणाली.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी साहेबच हसत पुढं झाले आणि बसले. लताबाईनं चार शिपायांना त्यांच्याभोवती उभं केलं. जवळ. आणखी जवळ. काठ्या हातात. "आता सगळ्यांनी एकदम बोला. काय वाटेल ते. 'ऊठ', 'शांत बस', 'ऐकत नाहीस का'. थांबू नका."

शिपायांना आधी हसू आलं. साहेबांवर ओरडायची अशी संधी पुन्हा कधी मिळणार! ते ओरडायला लागले, आणि हळूहळू त्यात रंगलेही. साहेब हसत होते. मग त्यांचं हसू जरा आखडलं. त्यांनी एकाकडे पाहिलं, तोवर दुसरा कानाशी बोलत होता. दुसऱ्याकडे मान वळवली, तर पाठीमागं बूट वाजला. त्यांचा हात आपोआप खुर्चीच्या कडेवर आवळला गेला.

हेमांगीला वाटलं आता पुरे, पण लताबाईनं हात वर करून तिला थांबवलं.

"अरे, जरा मागं सरका," साहेब एकाएकी म्हणाले. आवाज हुकमाचा नव्हता.

शिपाई गप्प झाले. एक पाऊल मागं गेले, मग आणखी एक. निंबाखाली वारा आला.

लताबाई साहेबांसमोर, बरीच लांब, त्यांना मान वर करावी लागू नये म्हणून मातीतच उकिडवी बसली. "आता कसं वाटतंय?" तिनं विचारलं.

साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. "पाणी मिळेल का?"

"मिळेल," ती म्हणाली. "आधी विचारायचं ते हेच, पाणी हवं का."